निकॉन झेडएफ घेऊ का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

निकॉनने झेडएफ हा जुन्या घाटाचा डिजिटल कॅमेरा २० सप्टेंबर २०२३ रोजी जाहीर केला. त्याबद्दल विचारणाऱ्यांत दोन तऱ्हा दिसतात. एकाला तो रूपावरूनच आवडलेला असतो. दुसऱ्याला शंका असते, की एवढ्या पैशात नुसतं रूपच मिळणार का. दोघांच्याही प्रश्नांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. या कॅमेऱ्याचे गुण आणि दोष दोन्ही त्याच्या त्या जुन्या घाटातूनच येतात असं माझं स्पष्ट मत आहे. त्यामुळे गुण हवेत आणि दोष नकोत, असा सौदा इथे जमत नाही.

हा कॅमेरा आतून जुना आहे का?

मुळीच नाही. आत २४.५ मेगापिक्सेलचा फुल फ्रेम, म्हणजे ३५ मिमी फिल्मच्या चौकटीएवढा, सेन्सर आहे आणि निकॉनने आपल्या सर्वांत महागड्या झेड९ मध्ये वापरलेल्या एक्स्पीड ७ प्रोसेसरचीच पिढी आहे. बॉडीतच स्टॅबिलायझेशन, म्हणजे हाताची थरथर सावरणारी सोय, आहे आणि कंपनीच्या मोजमापानुसार ते ८ स्टॉपपर्यंत काम करतं (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा). जुनं आहे ते बाहेरचं रूप. ते निकॉनच्याच १९८२ सालच्या एफएम२ या फिल्म कॅमेऱ्यावरून घेतलं आहे. एफएम२ पूर्णपणे मेकॅनिकल होता. त्याची बॅटरी फक्त प्रकाश मोजणाऱ्या मीटरसाठी लागायची आणि ती संपली तरी शटर १/४००० पर्यंत चालायचं. एकेकाळी आपल्याकडच्या वृत्तपत्र छायाचित्रकारांच्या गळ्यात तो हमखास दिसे. झेडएफची बॅटरी संपली की मात्र झेडएफ बंद. साम्य आहे ते हाताळणीत.

वरचे डायल खरंच कामाचे आहेत, की शोभेचे?

हा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा. याचं उत्तर तुम्ही कुठल्या मोडमध्ये काम करता यावर अवलंबून आहे.

वर तीन डायल आहेत. डावीकडे आयएसओचा, म्हणजे प्रकाशाची संवेदनशीलता ठरवणारा, १०० ते ६४००० पर्यंत. उजवीकडे शटरचा, ४ सेकंदांपासून १/८००० पर्यंत. त्याच्या शेजारी एक्स्पोजर कॉम्पेन्सेशनचा, म्हणजे फोटो उजळ-गडद करण्याचा, उणे ३ ते अधिक ३. तिन्ही पितळेचे आहेत आणि फिरवताना खणखणीत टिकटिक जाणवते. शिवाय आयएसओच्या डायलखाली एक लहान खटका आहे. ऑटो, पी, एस, ए, एम हे मोड तिथून बदलतात. एस मध्ये शटर आणि ए मध्ये ॲपर्चर (लेन्समधल्या छिद्राचा आकार) आपण ठरवायचं, उरलेलं कॅमेरा ठरवतो; एम मध्ये दोन्ही आपणच ठरवायचं.

तुम्ही एम मोडवर काम करत असाल तर हे डायल म्हणजे सुख आहे. आषाढी वारीचं उदाहरण घ्या. आभाळ भरलेलं आहे, ऊन नाही, प्रकाश सगळीकडे सारखा. आयएसओ ४००, शटर १/५००, ॲपर्चर एफ/८. यांतले आयएसओ आणि शटर कॅमेरा बंद असतानाच लावून ठेवता येतात, वरून एका नजरेत वाचता येतात आणि दिंडी समोर आली की फक्त फ्रेमकडे पाहायचं. दोन दिंड्यांच्या मधल्या वेळात कॅमेरा पोटाशी धरून, खाली नजर टाकून शटर एक घर पुढेमागे करता येतं. मेनू उघडावा लागत नाही, स्क्रीन पेटत नाही, समोरच्याचं लक्षही जात नाही.

पण तुम्ही ए मोडवर असाल, आणि आपल्यातले बहुतेक जण तिथेच असतात, तर शटरच्या डायलला काही कामच उरत नाही. त्यावर १/१२५ दिसत असतं आणि कॅमेरा १/१००० वर फोटो घेत असतो. वरचा आकडा खरा नाही. एस किंवा एम मोडमध्येही, पूर्ण स्टॉपच्या मधला वेग हवा असेल तर शटर डायल '१/३ स्टेप'वर लावून मागच्या चाकाने वेग ठरवावा लागतो, आणि मग डायलवर वाचायला आकडा नसतो.

दुसरी अडचण ऑटो आयएसओची, म्हणजे आयएसओ कॅमेऱ्यावर सोपवण्याची. फुजीच्या अशा कॅमेऱ्यांत आयएसओ डायलवर 'ए', म्हणजे ऑटो, हे घर असतं. इथे ते नाही. कॅमेरा आला तेव्हा ऑटो आयएसओ मेनूतूनच चालू-बंद करावा लागायचा. रोज ऑटो आयएसओ वापरणाऱ्याने डायल 'सी'वर, म्हणजे आयएसओ डायलऐवजी कॅमेऱ्यातून ठरवण्याच्या घरावर, ठेवावा आणि चालू-बंद करण्याची सोय एखाद्या बटणावर किंवा झटपट उघडणाऱ्या 'आय' मेनूत आणून ठेवावी. पहिल्याच दिवशी हे काम उरकून टाका.

ॲपर्चर कुठून बदलायचं?

पुढच्या चाकावरून. एफएम२ मध्ये ॲपर्चर लेन्सवरच्या कड्यावर असायचं. निकॉनच्या आजच्या झेड लेन्सवर आकडे कोरलेलं तसं कडं नसतं. त्याची भरपाई म्हणून वर एक इवलीशी खिडकी दिली आहे आणि तिच्यात ॲपर्चरचा आकडा दिसतो. खिडकी सुंदर आहे, पण माझ्या दृष्टीने या कॅमेऱ्यातली सर्वांत मोठी उणीव नेमकी हीच. तीनपैकी दोन गोष्टी डायलवर आणि तिसरी चाकावर, म्हणजे मांडणी अर्धीच झाली. ज्या कंपनीने दशकानुदशकं ॲपर्चरची उत्तम कडी बनवली, तिने या कॅमेऱ्यासाठी तशा दोन लेन्स तरी काढायला हव्या होत्या.

दोन वाटा आहेत. बऱ्याच झेड लेन्सच्या कंट्रोल रिंगला मेनूतून ॲपर्चरचं काम देता येतं. ४० मिमी एफ/२ वर एकच रिंग आहे, तीही ऑटोफोकसवर असताना यासाठी वापरता येते. पण टिकटिक नसल्यामुळे आकडा चुकून सरकतो. दुसरी वाट फोख्टलेंडर या लेन्स कंपनीची. त्यांच्या झेड माउंटच्या लेन्स, उदाहरणार्थ ४० मिमी एफ/१.२ नॉक्टन, मॅन्युअल फोकसच्या आहेत. त्यांवर खरं ॲपर्चरचं कडं आहे आणि कॅमेऱ्याशी बोलणारे संपर्कबिंदूही आहेत. झेडएफची मांडणी अशा लेन्सवरच पूर्ण झाल्यासारखी वाटते.

पुढे ग्रिप नाही. हात दुखतो का?

लहान लेन्सवर नाही, मोठ्या लेन्सवर हो. बॅटरी आणि कार्डासकट कॅमेरा सुमारे ७१० ग्रॅमचा आहे, आणि पुढचा भाग जवळजवळ सपाट आहे. २८ मिमी एफ/२.८ लेन्स सुमारे १६० ग्रॅमची, ४० मिमी एफ/२ लेन्स १७० ग्रॅमची. या लावून दिवसभर हिंडता येतं. २४-१२० एफ/४ लावली की ६३० ग्रॅम वाढतात आणि पुढचं वजन बोटांना खाली ओढायला लागतं. ७०-२०० एफ/२.८ तर सव्वा किलोच्या वर आहे. ती या बॉडीवर लावायचीच असेल तर डाव्या हाताने लेन्सलाच धरावं.

स्मॉलरिग या ॲक्सेसरी कंपनीने या कॅमेऱ्यासाठी खास ग्रिप काढली आहे. ती खालून बसते आणि चांगली आहे. ती लावल्यावर रूप थोडं बदलतं, पण पकड मात्र पुष्कळ सुधारते. झूम वापरणार असाल तर ती बॉडीबरोबरच घ्या.

फोटोची क्वालिटी कशी आहे?

उत्तम. ज्या घराण्यातला हा सेन्सर आहे ते कित्येक वर्षं नावाजलेलं आहे. सावलीतला तपशील वर काढता येतो आणि आयएसओ ६४०० वर लग्नाच्या हॉलमधले फोटो निर्धास्त छापता येतात. २४ मेगापिक्सेल कमी वाटत असतील तर स्वतःला एकच विचारा: तुम्ही शेवटचा मोठा प्रिंट कधी काढला होता? पक्ष्यांचे फोटो काढून निम्मी फ्रेम कापणाऱ्यांना ही मर्यादा जाणवेल. बाकीच्यांना नाही.

तो ९६ मेगापिक्सेलचा प्रकार काय आहे?

पिक्सेल शिफ्ट. कॅमेरा सेन्सर किंचित हलवत ३२ पर्यंत फोटो घेतो आणि ते कॉम्प्युटरवर निकॉनच्या एनएक्स स्टुडिओत एकत्र करायचे. ट्रायपॉड हवा आणि समोरचं काहीही हलता कामा नये. जुनी हस्तलिखितं, चित्रं, नाणी, मूर्ती यांचं दस्तऐवजीकरण करणाऱ्यांना हे सोनं आहे. झाडाचं पान हललं तरी निसर्गचित्र बिघडतं.

ऑटोफोकस भरवशाचा आहे का?

हो. या बाबतीत तो जुन्या झेड६ आणि झेड६ टू च्या बराच पुढे आहे. माणसं, कुत्री, मांजरं, पक्षी, विमानं, आगगाड्या, मोटारी, मोटरसायकली, सायकली असे नऊ प्रकार तो ओळखतो. अंधुक प्रकाशातही डोळा पकडून ठेवतो.

जॉयस्टिक नाही, ही खोट आहे. फोकसचा बिंदू मागच्या चार दिशांच्या गोल बटणाने हलवावा लागतो. व्ह्यूफाइंडरला डोळा लावून स्क्रीनवर बोट सरकवूनही तो हलवता येतो. त्याची सवय झाली की बरं चालतं.

वडिलांच्या एफएम२ च्या जुन्या लेन्स लागतील का?

लागतील, आणि हा कॅमेरा घेण्याचं सर्वांत चांगलं कारण माझ्या मते हेच आहे.

मध्ये निकॉनचा एफटीझेड किंवा एफटीझेड टू अडॅप्टर लागतो. जुन्या एफ माउंटमध्ये लेन्सपासून फिल्मपर्यंतचं अंतर ४६.५ मिमी होतं, झेड माउंटमध्ये ते १६ मिमी आहे. मधले ३०.५ मिमी अडॅप्टर भरून काढतो. म्हणून ५० मिमीची छोटी लेन्सही अडॅप्टरसकट बऱ्यापैकी पुढे येते. त्याला इलाज नाही.

एआय आणि एआय-एस, म्हणजे निकॉनच्या जुन्या मॅन्युअल फोकस लेन्सवर ॲपर्चर त्यांच्याच कड्याने बदलायचं. इथे एक गंमत आहे. कडं एफ/८ वर नेलं की पाती लगेच मिटतात, त्यामुळे डेप्थ ऑफ फील्ड, म्हणजे किती खोलीपर्यंत चित्र स्पष्ट येतं ते, व्ह्यूफाइंडरमध्ये जशीच्या तशी दिसते. चित्र काळोखत नाही, कारण इलेक्ट्रॉनिक व्ह्यूफाइंडर उजेड वाढवून घेतो. वरच्या खिडकीतला आकडा मात्र कड्यापाठोपाठ बदलत नाही.

फोकससाठी आणखी एक सोय आहे. मॅन्युअल फोकसवरही कॅमेरा चेहरा आणि डोळा ओळखतो, आणि मोठं करण्याचं बटण दाबलं की थेट त्या डोळ्यावर झूम होतो. उघड्या ॲपर्चरवर जुन्या १०५ मिमीने पोर्ट्रेट काढताना या एका सोयीमुळे शार्प फोटोंचं प्रमाण एकदम वाढतं.

मेनूत 'नॉन-सीपीयू लेन्स' (चिप नसलेल्या लेन्स) या ठिकाणी फोकल लेंग्थ आणि कमाल ॲपर्चर भरायला विसरू नका. स्टॅबिलायझेशनला फोकल लेंग्थ कळली नाही तर ते नीट काम करत नाही.

जुन्या लेन्सवरची अंतराची पट्टीही वापरा. २८ मिमी लेन्स, एफ/८, फोकस साधारण ३.३ मीटरवर ठेवला की १.६ मीटरपासून अनंतापर्यंत सगळं स्वीकारण्याजोगं स्पष्ट येतं. मग गर्दीत फोकस करण्याची गरजच उरत नाही. नव्या झेड प्राइम, म्हणजे झूम नसलेल्या लेन्सवर बहुधा ही पट्टी नसते, म्हणून हे काम जुन्या लेन्सवरच खुलतं.

एक इशारा: एएफ-डी प्रकारच्या लेन्स, म्हणजे ज्यांचा फोकस बॉडीतल्या मोटरने स्क्रूद्वारे फिरतो, त्या या अडॅप्टरवर ऑटोफोकस करत नाहीत. एएफ-एस आणि एएफ-पी करतात. एएफ-डी लेन्सच्या मोहाने अडॅप्टर घेणार असाल तर आधी हे लक्षात घ्या.

कृष्णधवलचा वेगळा खटका कशाला?

शटरच्या डायलखाली फोटो, व्हिडिओ आणि 'बी अँड डब्ल्यू' अशी तीन घरं आहेत. तिसऱ्या घरात गेलं की व्ह्यूफाइंडरमधलं सगळं जग कृष्णधवल होतं. साधा मोनोक्रोम, फ्लॅट आणि डीप टोन असे तीन प्रकार मिळतात. डीप टोनमध्ये एकूण छटा गडद येतात.

हेच काम मेनूतून कुठल्याही कॅमेऱ्यात करता येतं, हे खरं. पण रंग बाजूला ठेवून पाहायला लागलं की डोळा प्रकाशाच्या उतरंडीकडे वळतो, आणि एका खटक्यावर ते होत असेल तर माणूस ते वारंवार करतो. वाड्याच्या चौकात दुपारी तिरपी उन्हं आलेली असताना खटका सरकवून पाहा. भिंतीचा गिलावा, दगडी जोतं, लाकडी खांब, सगळ्यांच्या छटा वेगवेगळ्या वाचता येतात. रॉ, म्हणजे प्रक्रिया न केलेल्या, फाइलमध्ये रंग शिल्लक राहतो, त्यामुळे नंतर विचार बदलला तरी नुकसान नाही. ज्यांना फक्त जेपेग काढायचे आहेत त्यांनी मात्र रंग परत मिळणार नाही हे ध्यानात ठेवावं.

दुसरं कार्ड मायक्रोएसडी आहे म्हणतात. खरं का?

खरं. एक खाच नेहमीच्या एसडी कार्डाची, यूएचएस-टू या जास्त वेगाची. दुसरी मायक्रोएसडीची, यूएचएस-वन या कमी वेगाची. दोन्ही तळाशी, बॅटरीच्या झाकणाआड. मायक्रोएसडी कार्ड नखाने दाबून बाहेर काढावं लागतं. बोटं जाड असतील किंवा घामेजली असतील तर ते काम कटकटीचं होतं. ट्रायपॉडची प्लेट लावलेली असेल तर झाकण उघडण्यासाठी बहुधा ती आधी काढावी लागते.

व्यवहारात एक करा. चांगल्या कंपनीचं मोठ्या क्षमतेचं मायक्रोएसडी कार्ड एकदा बसवा आणि ते आतच राहू द्या. त्यावर बॅकअप म्हणून जेपेग किंवा रॉ जात राहील. रोज काढ-घाल करायची ती फक्त एसडी कार्डाची. दोन्हीकडे रॉ लिहिताना लांबलचक बर्स्ट, म्हणजे सलग फोटोंचा मारा, केला तर मंद कार्डामुळे कॅमेरा लवकर अडखळतो.

लग्नाच्या कामाला चालेल का?

दुसरी बॉडी म्हणून छान चालेल. ३५ किंवा ४० मिमी लावून हळदीचे, घरातल्या लगबगीचे, आज्यांच्या गप्पांचे फोटो काढायला हा कॅमेरा नामी आहे. त्याचा धाक वाटत नाही, माणसं मोकळी राहतात. पण मुख्य बॉडी म्हणून, ७०-२०० लावून, फ्लॅशसकट दहा तास मांडवात उभं राहायचं असेल तर ग्रिप असलेला कॅमेरा घ्या. फ्लॅशसोबत सर्वसाधारणपणे शटर १/२०० पर्यंतच चालतं. बॉडीत फ्लॅश नाही.

व्हिडिओ?

दिसतो त्यापेक्षा चांगला. ४के ३० फ्रेमला सेन्सरची पूर्ण रुंदी वापरली जाते. ४के ६० ला मात्र दीडपट क्रॉप होतो, म्हणजे २८ मिमी लेन्स ४२ मिमीसारखी दिसते. १०-बिट एन-लॉग (नंतर रंग सुधारायला सोयीचं रेकॉर्डिंग) आहे, माइक आणि हेडफोन दोन्हीसाठी जॅक आहेत, स्क्रीन बाजूला उघडून पुढे वळते. एचडीएमआय मायक्रो प्रकारचं आहे आणि नाजूक आहे, केबल ओढली जाणार नाही अशी बांधा. इलेक्ट्रॉनिक शटरवर कॅमेरा झपकन फिरवला तर उभ्या रेषा कलतात, तेव्हा वेगाच्या फोटोंसाठी मेकॅनिकल शटरच ठेवावं.

कोकणातल्या पावसात वापरता येईल का?

भुरभुर पावसात हरकत नाही. बॉडी मॅग्नेशियम अलॉयची आहे आणि सांध्यांवर धूळ-पाण्यापासून बचाव केलेला आहे. पण बचाव सगळ्या साखळीचा हवा. अडॅप्टर आणि जुनी एआय लेन्स लावली की तिथून पाणी शिरू शकतं. घाटातल्या मुसळधार पावसात साधी प्लास्टिकची पिशवी आणि रबर बँड बरोबर ठेवा.

पावसाळ्यात पाण्यापेक्षा घातक असते ती दमट हवा. लेन्सवर बुरशी धरते ती कपाटात बंद ठेवलेल्या दिवसांत. कॅमेरा चामड्याच्या केसमध्ये ठेवू नका, रूपाला शोभतं म्हणून बरेच जण तेच करतात. चामडं ओल धरून ठेवतं. हवाबंद डबा आणि सिलिका जेल पुरेसं आहे. लेन्स बऱ्याच असतील तर ड्राय कॅबिनेट घ्या आणि आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांच्या आसपास ठेवा.

बॅटरी किती चालते?

प्रमाणित चाचणीत व्ह्यूफाइंडरवर सुमारे ३६० फोटो, स्क्रीनवर ३८०. प्रत्यक्षात जास्त निघतात. जुन्या निकॉनच्या ईएन-ईएल१५ मालिकेतली १५सी बॅटरी लागते. ती यूएसबी-सी ने कॅमेऱ्यातच चार्ज होते. एक जादा बॅटरी घ्याच.

झेडएफ, झेड५ टू, की फुजी एक्स-टी५?

इथे पैशाचा हिशोब स्वच्छ मांडायला हवा. एप्रिल २०२५ मध्ये आलेल्या निकॉनच्याच झेड५ टू मध्येही २४.५ मेगापिक्सेलचा सेन्सर आणि एक्स्पीड ७ आहे. शिवाय भरदार ग्रिप, जॉयस्टिक, दोन्ही खाचा पूर्ण आकाराच्या एसडीच्या, आणि उन्हात अधिक उजळ दिसणारा व्ह्यूफाइंडर. अमेरिकेत झेडएफ सुमारे २००० डॉलरला आला होता, झेड५ टू सुमारे १७०० ला. म्हणजे फोटो जवळपास तेच, हाताळणी बहुतेकांना सोपी आणि दामही कमी. जो माणूस ए मोड, ऑटो आयएसओ आणि एक झूम यांवर खूश आहे, त्याला मी झेड५ टू च सुचवीन.

फुजी एक्स-टी५ ची तऱ्हा वेगळी. त्याचा ४० मेगापिक्सेलचा सेन्सर आकाराने लहान आहे, पण शटर, आयएसओ आणि लेन्सवरचं ॲपर्चर तिन्ही ठिकाणी 'ए' हे घर आहे. मोडचा वेगळा खटकाच लागत नाही. जे हवं ते हाताने लावा, बाकीचं 'ए'वर सोडा. डायलची मांडणी म्हणून ती झेडएफपेक्षा सरस आहे, यात मला शंका नाही. वजनही ५५७ ग्रॅम. फुल फ्रेम, कमी प्रकाशातली ताकद आणि जुन्या निकॉन लेन्सची पूर्ण फ्रेम हवी असेल तर झेडएफ. नुसती डायलची हौस असेल तर फुजी हातात घेऊन पाहिल्याशिवाय निर्णय करू नका.

झेड एफसी हा याचा धाकटा भाऊ, २०२१ चा. २०.९ मेगापिक्सेल, लहान सेन्सर, बॉडीत स्टॅबिलायझेशन नाही, वजन ४४५ ग्रॅम. प्रवासाला आणि शिकायला बरा. ऑटोफोकसमध्ये मात्र झेडएफची बरोबरी नाही.

पहिली लेन्स कुठली घ्यावी?

४० मिमी एफ/२. हलकी आहे, दामाने परवडते आणि तिचा कोन घरापासून रस्त्यापर्यंत सगळीकडे चालतो. नंतर जमलं तर एआय-एस १०५ मिमी एफ/२.५ जुन्या बाजारात शोधा.

सेकंडहँड लेन्स किंवा बॉडी घेताना काय तपासावं?

लेन्स मागून-पुढून मोबाइलच्या टॉर्चसमोर धरा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी. सगळीकडे दुधाळ थर दिसला तर तो हेझ, आणि त्याने काँट्रास्ट मरतो. ॲपर्चरच्या पात्यांवर तेल चमकत असेल तर एफटीझेडवर फार बिघडत नाही, कारण तिथे पाती कड्याबरोबर हळूच हलतात, पण भाव पाडून मागा. मुंबईत फोर्टच्या बोरा बाजारात जाणार असाल तर अडॅप्टर आणि बॉडी बरोबर न्या. दुकानातच अनंतावर फोकस होतो का, ते समोरच्या इमारतीवर पाहा.

बॉडी घेताना आयएसओ आणि शटरचा डायल प्रत्येक घरावर नेऊन स्क्रीनवरचा आकडा त्याच्याशी जुळतो का ते बघा. मायक्रोएसडीची खाच कार्ड घालून तपासा, विकणारा ती कधी वापरतच नसतो. स्क्रीनचा सांधा पूर्ण फिरवून पाहा, आणि एफ/१६ वर पांढऱ्या भिंतीचा एक फोटो काढा. सेन्सरवर डाग असतील तर तिथे दिसतीलच.